कातकरी मुलाची बोली आणि आपली कसोटी

'बलुतं' १९७८ साली आले. त्यानंतर आपल्या बोलीला कोणी अशुद्ध म्हटले की आपण पेटून उठतो. कातकऱ्याच्या बोलीला आपण हीच कसोटी लावली आहे काय?

मंडणगड तालुक्यात आंबडवे, बाबासाहेबांचे मूळ गाव. याच रत्नागिरी जिल्ह्यात डोंगरउतारांवर कातकरी वाड्या आहेत. खैरापासून कात काढणारी ही जमात. जंगल सरकारी झाले, कात गेला, कोळसाभट्टी नि वीटभट्टी नशिबी आली. राज्यातील तीन आदिम जमातींत तिची गणना होते. पण रत्नागिरी अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणून १९९६ चा पेसा कायदा येथे लागू नाही.

दिवाळीनंतर कुटुंब भट्टीवर जाते. मुलाचे नाव गावच्या पटावर, वजनाची नोंद गावच्या अंगणवाडीत, आणि मूल भट्टीच्या धुळीत! पोषण आहार, लसीची तारीख, सारे मागे राहते. पावसाळ्यात ते परतते तेव्हा पुस्तक पुढे गेलेले असते. त्याने तोंड उघडले की वर्ग हसतो. मग ते तोंडच उघडत नाही, आणि 'मंद' ठरते. (हा एकट्या गुरुजींचा दोष म्हणून सुटका नाही.)

२००९ चा शिक्षण हक्क कायदा शक्यतो मातृभाषेतून शिकवा म्हणतो. गोंडी निदान वेगळी भाषा म्हणून ओळखली जाते. कातकरी बोली मराठीच्या जवळची, म्हणून ती केवळ 'चुकलेली मराठी' ठरते. हे जवळ असणेच तिच्या मुळावर आले आहे.

आणि आपल्या कथा-कवितांतला कातकरी? तो फार वेळा मुका, दयेपुरता. अशा मुलाने लिहिलेले एक पान, एकही शब्द न सुधारता, छापण्याची आपल्या संपादकांची तयारी आहे काय?