सामाईक, पण कुणाच्या नावावर?

नोव्हायमध्ये राहत असाल तर गाडीच्या सॉफ्टवेअरवर काम करणारं निदान एक माणूस तुमच्या ओळखीत असणारच. हर्मनचं ऑफिस इथे आहे आणि पुण्याच्या केपीआयटीचं अमेरिकेतलं ऑफिसही इथेच. अशा कामात कोड बऱ्याचदा विंडोज लॅपटॉपवर लिहिला जातो, लिनक्सवर तपासला जातो आणि शेवटी गाडीत क्यूएनएक्स किंवा अँड्रॉइडवर चालतो. या प्रवासात एक गोष्ट हमखास अडखळते, ती म्हणजे दोन प्रोसेसमधली सामाईक मेमरी.

आधी तिची गरज का पडते ते बघू. ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक प्रोसेसला मेमरीचं स्वतंत्र घर देते. एकाला दुसऱ्याच्या घरात डोकावता येत नाही, आणि ते बरंच आहे. पण आता गाडीचा मागचा कॅमेरा घ्या. १९२० बाय १०८० चं चित्र, प्रत्येक बिंदूला २ बाइट, म्हणजे एका चित्राचे सुमारे ४ एमबी. सेकंदाला ३० चित्रं म्हणजे जवळजवळ १२५ एमबी, आणि चार कॅमेरे असतील तर ५०० एमबी. एका प्रोसेसने पकडलेलं चित्र दुसरीला देताना दर वेळी कॉपी करायचं म्हटलं तर प्रोसेसर हमाली करण्यातच दमेल. म्हणून रॅमची तीच पानं दोन्ही घरांना जोडून द्यायची. एकाने लिहायचं, दुसऱ्याने वाचायचं.

इथवर सगळ्या सिस्टिमचं एकमत आहे, मतभेद पुढे सुरू होतात. आपल्याकडची नेहमीची तक्रार अशी: 'काम एकच, मग प्रत्येकाची फंक्शनं वेगळी कशाला? एक रॅपर लायब्ररी घ्या आणि मोकळे व्हा.' मला ही तक्रार पटत नाही. फरक फक्त फंक्शनच्या नावांत असता तर रॅपरने भागलं असतं. खरा फरक एका प्रश्नाच्या उत्तरात आहे: जमीन सामाईक आहे हे कबूल, पण सातबारा कुणाच्या नावावर? आणि तो माणूस गेल्यावर काय?

सगळ्यात जुनं उत्तर सिस्टिम फाइव्ह युनिक्सचं, १९८३ सालचं. तिथे मेमरीच्या तुकड्याला नाव नसतं, आकडा असतो. नोव्हायच्या नावाबद्दल अशी एक गोष्ट सांगतात की हा जुन्या टोलरस्त्यावरचा ६ नंबरचा नाका, आणि 'नंबर'चं इंग्रजी लघुरूप व रोमन सहा मिळून 'नोव्हाय' झालं. गोष्ट खरी असो वा नसो, आकड्यालाच नाव करण्यातली अडचण तिच्यात दिसते: दुसऱ्या कुणीही आपल्या नाक्याला ६ नंबर दिला की गोंधळ. शिवाय हा तुकडा कर्नलच्या नावावर असतो. तो बनवणारी प्रोसेस मेली तरी, कुणी हाताने पुसेपर्यंत किंवा मशीन रीस्टार्ट होईपर्यंत, तो तसाच पडून राहतो.

१९९३च्या पॉझिक्स मानकाने आकड्याच्या जागी नाव आणलं. लिनक्सवर ते नाव फाइलसारखं डोळ्यांना दिसतंही. पण मालकी तीच राहिली: नाव पुसेपर्यंत तुकडा जिवंत. आणि 'मानक' म्हणावं तर मॅकवर नाव ३१ अक्षरांत बसवावं लागतं आणि तुकड्याचा आकार एकदाच ठरवता येतो. लिनक्सवर वाढत जाणारा बफर मॅकवर नेला की एरर.

विंडोजचं उत्तर अगदी उलट. तिथे तुकडा वापरणाऱ्यांच्या नावावर असतो. शेवटच्या प्रोसेसने हँडल सोडलं की तुकडा गेला. मागे कचरा राहत नाही, पण निरोप ठेवून निघून जायचीही सोय नाही.

अँड्रॉइडने तर सिस्टिम फाइव्हची पद्धत ठरवून बाहेर ठेवली. कारण साधं आहे. अँड्रॉइड ॲप्सना सर्रास मारतो, आणि मेलेल्या ॲपचे तुकडे कर्नलमध्ये साचत गेले तर फोनचं काही खरं नाही. म्हणून तिथे तुकडा नावाने शोधायचाच नसतो. ज्याच्याकडे आहे त्याने तो दुसऱ्याच्या हातात द्यायचा. लिनक्समध्येही २०१४ पासून 'मेमएफडी' नावाची अशीच सोय आहे. क्यूएनएक्समध्ये पॉझिक्सची नावं चालतात, शिवाय एका ठरावीक प्रोसेससाठीच हँडल बनवून देता येतं. वाटेने जाणारा कुणीही नाव ओळखून आत शिरू शकत नाही, आणि गाडीत हे महत्त्वाचं आहे.

आता तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी वापरलेल्या रॅपरकडे येऊ. पायथनमध्ये २०१९च्या ३.८ आवृत्तीपासून 'शेअर्ड मेमरी' नावाचा वर्ग आहे. दिसायला सुरेख: बनवा, जोडा, बंद करा, पुसा. पण यातलं 'पुसा' विंडोजवर काहीच करत नाही. तशी ती पद्धत तिथे आहे, कॉलही होतो, परिणाम मात्र शून्य. लिनक्सवर त्याहून वाईट. कचरा राहू नये म्हणून पायथन मागे एक राखणदार ठेवतो. दुसऱ्याच एका स्वतंत्र प्रोग्रामने तुकडा नुसता वाचायला जोडला आणि तो संपला, की त्याचा राखणदार समजतो, हा तुकडा बेवारस आहे, आणि नाव पुसून टाकतो. पाहुणा चहा पिऊन उठला आणि जाताना दारावरची पाटी काढून घेऊन गेला! घरातली माणसं आत सुखरूप आहेत, पण नव्याने येणाऱ्याला पत्ता सापडत नाही. यावरचा पर्याय, म्हणजे राखणदार बंद ठेवायची सोय, २०२४च्या ३.१३ आवृत्तीत आला.

ही निव्वळ बग नव्हे, रचनेतच दोष आहे. या वर्गाने वेगवेगळ्या सिस्टिमची क्रियापदं एकसारखी केली आणि मालकीचा प्रश्न मात्र विचारलाच नाही. सी++मधली बूस्ट लायब्ररी या बाबतीत जास्त प्रामाणिक आहे. ती विंडोजवर पॉझिक्ससारखं वागणं फाइल वापरून उभं करते, आणि विंडोजचा अस्सल प्रकार वेगळ्या नावाने देते. कोणता घ्यायचा हे तुम्हाला ठरवावंच लागतं, आणि ते योग्यच आहे.

जुन्याला सरसकट नावं ठेवण्यातही अर्थ नाही. पोस्टग्रेस डेटाबेसने २०१३च्या ९.३ आवृत्तीत आपली मुख्य मेमरी सिस्टिम फाइव्हमधून बाहेर काढली, पण एक छोटासा तुकडा मुद्दाम तिथेच ठेवला. कारण त्या तुकड्याला किती प्रोसेस जोडलेल्या आहेत हे कर्नल सांगतं, आणि पॉझिक्सच्या तुकड्याबाबत ही मोजणी मिळत नाही. जुना सर्व्हर कोसळला पण त्याची पोरं अजून डेटा हाताळत असतील, तर नव्याने सुरू व्हायचं नाही, हे त्या मोजणीवरून कळतं.

राहिला कुलुपाचा प्रश्न. लिहिणाऱ्या प्रोसेसने कुलूप लावलं आणि आतच जीव सोडला तर? विंडोजवर पुढच्याला कुलूप मिळतं आणि 'आधीचा धनी गेला' अशी सूचनाही मिळते. लिनक्सवर हीच सोय मागून घ्यावी लागते. न मागितल्यास वाचणारा कायमचा ताटकळतो. मॅकवर तशी सोयच नाही.

गाडीत याचा अर्थ काय होतो बघा. मे २०१८ पासून अमेरिकेत नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा आहे, आणि रिव्हर्स टाकल्यापासून २ सेकंदांत चित्र दिसायला हवं असा नियम आहे. कॅमेऱ्याची प्रोसेस कुलूप धरून मेली, तर पडदा काळा होईल किंवा त्याहून घातक म्हणजे जुनंच चित्र गोठून राहील. ड्राइव्हवेमध्ये मागे कुणी नाही असं ते गोठलेलं चित्र सांगत असेल, आणि मूल तर आत्ताच सायकल घेऊन आलेलं असेल.

म्हणून पुढच्या वेळी कुणी 'आमची लायब्ररी सगळीकडे सारखी चालते' असं म्हणालं, तर वेग किती हे नंतर विचारा. आधी तीन प्रश्न विचारा: तुकडा कुणाच्या नावावर आहे? तो धनी अचानक गेला तर बाकीच्यांना कसं कळतं? आणि शेवटी झाडून कोण घेतं? उत्तरं प्रत्येक सिस्टिमसाठी वेगवेगळी आली, तर समजा की समोरच्याने काम केलं आहे. सगळीकडे एकच उत्तर आलं, तर कोड उघडून स्वतः बघा.