सखारामचे घर आणि चंपाचा उंबरठा

'सखाराम बाइंडर' १९७२ साली रंगभूमीवर आले आणि गाजले ते अश्लीलतेच्या वादाने. परिनिरीक्षण मंडळाची कात्री, मग मुंबई उच्च न्यायालय, शेवटी नाटकाच्या बाजूने निकाल. हा इतिहास आपण पुष्कळदा वाचला. नाटकाला न्यायालयाने जागा मिळवून दिली. नाटकातल्या बायकांच्या जागेचा विचार मात्र समीक्षेने फारसा केला नाही.

या बायका सखारामकडे येतात कोठून? लक्ष्मीला नवऱ्याने घालवून दिले आहे. चंपा फौजदार नवऱ्याचा छळ सोसवेना म्हणून निघाली आहे. सखाराम पहिल्याच दिवशी अट सांगतो : घर माझे, पटले तर राहा. नवऱ्याच्या घरातही अट हीच होती. ती तोंडाने कोणी सांगितली नव्हती इतकेच. तेंडुलकरांनी लग्नाच्या संसाराचीच परीक्षा येथे घेतली आहे, असे मला वाटते.

२००५ सालचा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा या अटीलाच हात घालतो. कलम १७ प्रमाणे घर कोणाच्याही नावे असो, सामायिक घरात राहण्याचा बाईला हक्क आहे. कलम १९ खाली न्यायदंडाधिकारी नवऱ्यालाच घराबाहेर जाण्याचा आदेश देऊ शकतो. सासऱ्याच्या मालकीचे घरही सामायिक ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली आहुजा खटल्यात स्पष्ट केले. पण चंपाचा नवरा हयात आहे. २०१० च्या वेलुसामी निकालाच्या कसोटीवर सखारामशी असलेला तिचा संबंध 'विवाहासारखा' ठरणार नाही. म्हणजे कायदा तिच्या मदतीला येता, तर पहिल्या घरातच. ते घर सुटले आणि शोकांतिका तेथेच सुरू झाली.

पेडणे-डिचोलीच्या वाचकांना हे परके नाही. गोव्याच्या नागरी कायद्याने, लग्नापूर्वी वेगळा करार नसेल तर, बायकोला मालमत्तेत अर्धा वाटा दिला आहे. घर विकताना तिची सही लागते. तरी मार खाल्लेली सून बांद्याला नाहीतर दोडामार्गला माहेरची वाट धरते आणि वडीलधारी म्हणतात, "चार दिवस राहून ये, मग बघू." माहेरी असतानाही तेथल्या न्यायालयात तिला अर्ज करता येतो आणि तो आदेश देशभर लागू असतो, हे कलम २७ त्या वडीलधाऱ्यांना ठाऊक नसते.

अर्थात आदेशाने घराचे मन बदलत नाही. चूल तीच, सासू तीच, शेजारणींची कुजबूज तीच. आपल्या साहित्याने उंबरठा ओलांडून जाणाऱ्या नायिकेचे कौतुक केले, ते योग्यच. पण हातात कागद घेऊन त्याच उंबरठ्यातून आत येणारी, त्याच चुलीपाशी पुन्हा बसणारी बाई अजून कोणी नीट लिहिलेली नाही. आमच्या जत्रांतून दरवर्षी नाटके होतात. एखाद्या वर्षी हिचे नाटक व्हावे.