तुर्की व्यवहाराची भाषा आणि मार्गदर्शक पुस्तके

नोकरी-व्यवसायासाठी तुर्कस्तानात जाणाऱ्या परक्यांसाठी जी मार्गदर्शक पुस्तके निघतात, त्यांत चहा नाकारू नये, आधी घरच्यांची विचारपूस करावी, मग कामाचे बोलावे, असे शिष्टाचार तपशिलाने असतात. भाषा मात्र बहुधा शेवटच्या पानांवरील वाक्यांच्या यादीत उरकलेली असते. इंग्रजीवर भागते, हा त्यामागचा समज. वास्तविक १९२६च्या ८०५ क्रमांकाच्या कायद्याने तुर्की कंपन्यांना देशांतर्गत करार आणि हिशेब तुर्कीतच ठेवावे लागतात.

पण माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. तुर्कांची रीत त्यांच्या व्याकरणातच आहे, आणि ते या लेखकांना दिसत नाही. ‘माल गेल्दी’ म्हणजे माल आला. (मराठी कानाला ‘गेला’ ऐकू येते, तो भाग निराळा!) ‘माल गेल्मिश’ म्हणजेही माल आला; पण सांगणाऱ्याने तो पाहिलेला नाही, कुणाकडून कळले आहे किंवा खुणांवरून ताडले आहे. पहिल्या वाक्यात बोलणारा साक्षीदार असतो, दुसऱ्यात नुसता निरोप्या. पैसे जमा झाल्याचे सांगतानाही हाच भेद असतो. परका अधिकारी ‘मिश’ ऐकून वहीत नोंद करतो आणि उद्या पैसे नसले की तुर्क शब्द फिरवतात म्हणून बोट दाखवतो. त्या बिचाऱ्याने साक्ष दिलीच नव्हती. ज्या भाषेत ऐकीव आणि पाहिलेले यांसाठी क्रियापदाची रूपेच वेगळी आहेत, तिच्या माणसांना मोघम ठरवणे हा अन्याय आहे.

संबोधनाचेही तसेच. १९३४ साली कायद्याने आडनाव सक्तीचे झाले, त्याच वर्षी दुसऱ्या कायद्याने ‘बे’, ‘हानम’ या पदव्या रद्द झाल्या. तरी कचेऱ्यांत आजही ‘मेहमेत बे’, ‘आयशे हानम’ असेच म्हणतात. पदवी नावाला लागते, आडनावाला नाही. आपल्या ‘अहमदसाहेब’सारखेच!

उर्दू जाणणाऱ्यांनीही फार निश्चिंत राहू नये. १९२८च्या लिपीबदलामुळे तुर्कीतील अरबी शब्द कागदावर चटकन ओळखू येत नाहीत, कानाला मात्र येतात, आणि तिथेच फसगत होते. ‘तिजारेत’, ‘हेसाप’ सरळ आहेत. पण उर्दूतला मुदीर संपादक, तर तुर्की ‘म्युद्युर’ व्यवस्थापक किंवा मुख्याध्यापक. ‘मिसाफिर’ प्रवासी नव्हे, पाहुणा. ‘शिर्केत’ म्हणजे चक्क कंपनी. आणि ज्या ‘उकला’ शब्दाने आपण बुद्धिमंतांचा गौरव करतो, तो तिथे दीडशहाण्यासाठी वापरतात.

एक शब्दप्रयोग या पुस्तकांतून हटकून पोरका राहतो : ‘कोलाय गेल्सिन’, म्हणजे काम सोपे जावो. ओझे उचलणारा हमाल, खिडकीमागचा कारकून, झाडू मारणारी बाई, जो कामात दिसेल त्याला जाता-येता हे म्हणायचे असते. साहेबाशी हस्तांदोलन कसे करावे यावर पाने खर्ची घालणाऱ्या लेखकांनी याला जेमतेम एक ओळ द्यावी, आणि तीही ‘इतर वाक्ये’ या मथळ्याखाली!