भाषा आणि तिचें घर

ग्रंथाचें परीक्षण करितांना तो कोणत्या मेजावर लिहिला गेला ह्याची चौकशी कोणी करीत नाहीं. संगणकाच्या भाषांची गोष्ट मात्र निराळी आहे. आज्ञावली लिहिणें, तिचें यंत्राच्या भाषेंत रूपांतर करणें आणि तींतील चुका हुडकणें ह्या तिन्ही कामांची सोय एकाच पडद्यावर करून देणाऱ्या साधनास आयडीई म्हणतात. आणि शिकणाऱ्याच्या मनांत भाषा व हें साधन ह्यांची इतकी सरमिसळ होते कीं, एकाची लकब दुसऱ्याचा नियम होऊन बसते. आमच्या मतें अशा साधनाची खरी कसोटी हीच : तें भाषा शिकवितें, कीं आपलीच संवय लावितें?

बोर्लंड कंपनीचें टर्बो पास्कल १९८३ सालीं आणि टर्बो सी १९८७ सालीं निघालें. त्यांचे गुण मोठे होते. रूपांतर चटकन् होई, व चूक सांपडतांच कर्सर त्या जागीं जाऊन उभा राही. तुटपुंज्या यंत्रावर एवढी सोय म्हणजे त्या काळीं चैनच होती. परंतु एकविसावें शतक उजाडून वर्षें लोटलीं तरी महाराष्ट्रांतील अनेक महाविद्यालयांनीं तेंच साधन कवटाळून ठेविलें, आणि येथेंच गुणाचा दोष झाला. पडदा पुसण्याची आज्ञा ज्या ‘कोनिओ’ संग्रहांतून येते, तो संग्रह सीच्या १९८९ च्या प्रमाणांत नाहीं. पूर्णांकास तेथें सोळाच बिटें. ३२७६७ च्या पुढें गणती उलटे. आठाचें क्रमगुणित ४०३२०, पण पडद्यावर उमटे उणें २५२१६! सोळा बिटांची मुभा प्रमाणानेंच दिली आहे हें खरें. परंतु ती किमान मर्यादा होय. मुलें तिलाच भाषेचा अंत समजत.

जत तालुक्यांतील आमच्या ओळखीचा एक विद्यार्थी पुण्यास मुलाखतीसाठीं गेला. तेथील यंत्रावर लिनक्स व जीसीसी होतें. त्याची पहिलीच ओळ नाकारली गेली, आणि आपणांस सी येतच नाहीं असें समजून तो परतला. त्यास सी येत होती. माहीत नव्हतें तें दुसरें घर. मराठी आणि कानडी ज्याच्या कानांवर लहानपणापासून पडत आल्या, त्यास बोली आणि प्रमाणभाषा ह्यांचा दाखला देऊन हा भेद एका वाक्यांत सांगतां आला असता. तो कोणीं सांगितला नाहीं.

पुढें मायक्रोसॉफ्टनें २०१६ सालीं, रेड हॅट व कोडेनव्ही ह्यांच्या सहकार्यानें, ‘लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल’ जाहीर केला. भाषेचें ज्ञान एका स्वतंत्र सेवकापाशीं ठेवावें, आणि हें नांव कोठें ठरलें, येथें पुढें काय येऊं शकेल, असे प्रश्न कोणत्याहि लेखन-साधनानें त्यास ठराविक रीतीनें विचारावे, ही ती योजना. दहा भाषा व आठ साधनें असतां पूर्वी ऐंशी जोडण्या लागत्या. आतां अठरा पुरतात. भाषेस तिच्या घरापासून वेगळें ओळखणारी ही दृष्टि आम्हांस मनापासून मान्य आहे. मात्र सुचविलेल्या शब्दांची यादी इतकी तत्पर असते कीं, शिकणारा आठवण्याऐवजीं नुसता निवडूं लागतो. हा दोष टर्बो सीहून लहान नव्हे.

शिक्षकांस आमची सूचना एवढीच कीं, एकच आज्ञावली वर्गांत दोन निराळ्या साधनांत चालवून दाखवावी, आणि जेथें ती अडेल तेथें भाषेचा नियम कोणता व साधनाची संवय कोणती हें मुलांस विचारावें. एवढें झालें तरी जतहून पुण्यास जाणारा मुलगा पहिल्याच ओळीस हताश होऊन परतणार नाहीं.