बारा माणसं, चोवीस ओळी

मॉडेलची मांडणी पुरी झाली की एसपीएम हे मेंदूच्या प्रतिमांचं विश्लेषण करणारं सॉफ्टवेअर पडद्यावर एक चित्र काढतं. काळ्या-करड्या-पांढऱ्या चौकटी, आडव्या ओळी, उभे स्तंभ. मेंदू त्यात कुठेच नाही. निकालाच्या नकाशावरचे रंगीत ठिपके अजून लांब आहेत. बहुतेक जण या चित्राकडे ओझरतं पाहून पुढचं बटण दाबतात. मला मात्र सगळ्या विश्लेषणात सावकाश वाचावं असं पान हेच वाटतं. कार्ल फ्रिस्टन आणि त्यांच्या लंडनमधल्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात जनरल लिनिअर मॉडेल मेंदूच्या प्रतिमांसाठी रुळवलं, तेव्हापासून अख्खा प्रयोग एका तक्त्यात मावू लागला. त्यातही पेअर्ड टी-टेस्टचा, म्हणजे जोडीच्या तुलनेचा तक्ता फार देखणा.

प्रसंग खऱ्या संशोधनातून घेऊ. २००४ साली द्रागान्स्की आणि सहकाऱ्यांचा छोटासा लेख ‘नेचर’मध्ये आला. तीन चेंडूंचं जगलिंग तीन महिन्यांत शिकलेल्यांच्या मेंदूत, हलत्या वस्तू टिपणाऱ्या भागात, ग्रे मॅटर वाढलेलं दिसलं. सराव सोडल्यावर ती वाढ ओसरू लागली. आपण मनाशी एक लहान तक्ता मांडू: बारा शिकाऊ, प्रत्येकाचे दोन स्कॅन, एक आधीचा, एक नंतरचा. आकडे माझे, त्या लेखातले नव्हेत.

चोवीस ओळी झाल्या. एका बाजूला ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन स्तंभ. त्यांत पांढरं-काळं आळीपाळीने, बुद्धिबळाच्या पटासारखं. दुसऱ्या बाजूला बारा स्तंभ, माणशी एक. प्रत्येकात फक्त दोन चौकटी पांढऱ्या, त्याही मागच्या स्तंभापेक्षा दोन ओळी खाली. त्यामुळे वरच्या कोपऱ्यातून खालच्या कोपऱ्यापर्यंत एक जिना उतरताना दिसतो. चित्राचा सगळा जीव या जिन्यात आहे. माणसाबरोबर येणारं आणि दोन स्कॅनमध्ये न बदलणारं जे काही असेल, म्हणजे कवटीचा आकार, लिंग, शिक्षण, जन्मजात ठेवण, ते त्याची पायरी आपल्या पोटात घेते. उरतो तो केवळ फरक.

ही हुशारी जुनी आहे. विल्यम गॉसेटने ‘स्टुडंट’ या टोपणनावाने १९०८ मध्ये टी-टेस्टचा पाया घातला, तेव्हा त्याने दिलेलं पहिलं उदाहरण जोडीचंच होतं. मिशिगनमधल्या कॅलामझू इथल्या मनोरुग्णालयातले दहा रुग्ण, झोपेची दोन औषधं, आणि प्रत्येकाला दोन औषधांनी मिळालेल्या जादा झोपेतला फरक: सरासरी १.५८ तास. कोण तरुण, कोण म्हातारा, हे त्या सरासरीसाठी विचारायची गरज पडली नाही. प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच होती.

आता या तक्त्यात कोणीतरी वय घालतं. हेतू चांगला असतो. ‘वयाचा परिणाम वजा केला’ असं लिहिता यावं. एक नवा स्तंभ येतो, त्यात प्रत्येक वय दोनदा. पण चित्राच्या तळाशी एक बारीक पट्टी असते, तिथे नजर न्या. कोणत्या स्तंभाचं मूल्य एकमेव ठरवता येतं आणि कोणत्या स्तंभाचं नाही, हे ती सांगते. वयाखालची चौकट तिथे करडी पडलेली असते. आधीच्या चौदा स्तंभांची रँक, म्हणजे खरोखर स्वतंत्र स्तंभांची संख्या, तेरा होती; डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे ओळींतून रँक वजा जाऊन उरलेल्या मोकळ्या मात्रा, अकरा. वय आल्यावरही तेराच आणि अकराच. कारण प्रत्येक पायरीला त्या माणसाच्या वयाने गुणून सगळ्या पायऱ्यांची बेरीज केली, की वयाचा स्तंभ हुबेहूब तयार होतो. वय आधीपासून जिन्यात होतंच. त्या एका स्तंभावर कॉन्ट्रास्ट, म्हणजे फक्त त्याच्या परिणामाची चाचणी, मागितला की सॉफ्टवेअर तो नाकारतं आणि लोक सॉफ्टवेअर बिघडलं म्हणून वैतागतात. बिघडलेलं काही नसतं. विचारलेल्या प्रश्नालाच या मांडणीत जागा नसते. जोडीच्या तुलनेत अशा रीतीने ‘वय नियंत्रित केलं’ असं वाक्य छापलेलं दिसलं, की मी समासात पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढतो.

वयाला खरंच बोलतं करायचं तर त्याचे दोन स्तंभ करावे लागतात, एक ‘आधी’साठी, एक ‘नंतर’साठी. आता रँक चौदा होते, डिग्रीज ऑफ फ्रीडम दहा. एक मात्रा खर्ची पडली, म्हणजे काहीतरी नवं विकत घेतलं. पण काय घेतलं ते नीट पाहावं. या दोन स्तंभांतला फरक ‘वयाने ग्रे मॅटर किती कमी होतं’ हे सांगत नाही. तो सांगतो की शिकल्यामुळे झालेला बदल वयागणिक कमी-जास्त होतो का. द्रागान्स्की ज्या गटात होते, त्याच गटाने २००८ मध्ये साठीच्या आसपासच्या माणसांना जगलिंग शिकवून पाहिलं, त्यामागची उत्सुकता याच जातीची.

हेच गणित लहान करून मांडता येतं. प्रत्येकाच्या ‘नंतर’मधून ‘आधी’ वजा करा, बारा फरक-प्रतिमा घ्या, दोनच स्तंभ ठेवा: सगळीकडे एक असलेला आणि वयाचा. डिग्रीज ऑफ फ्रीडम दहाच. उत्तरही तेच. रोजच्या कामाला हे रूप सोयीचं, पण जिना यात दिसत नाही.

नेमका इथेच सगळ्यात मोठा गैरसमज वाट बघत असतो. वय नसताना नकाशावर छान ठिपके होते. वय घातलं, पहिल्या स्तंभाचा कॉन्ट्रास्ट पुन्हा पाहिला, आणि ठिपके गायब. लगेच निष्कर्ष निघतो: बदल शिकण्याचा नव्हताच, वयाचा होता. हा निष्कर्ष ऐकायला इतका शहाणपणाचा वाटतो की त्यावर कोणी हरकतही घेत नाही. वास्तविक वय जसंच्या तसं, सरासरी वजा न करता घातलं, तर पहिला स्तंभ शून्य वयाच्या माणसाच्या मेंदूतला बदल सांगू लागतो. म्हणजे तीन चेंडू खेळवणाऱ्या नवजात बाळाच्या! समजा, आपल्या बारा जणांचं सरासरी वय ६० आणि प्रमाण विचलन ५ वर्षं आहे. तर शून्य वयापाशी काढलेल्या अंदाजाची प्रमाण चूक सरासरी वयापाशी असलेल्या चुकीच्या जवळजवळ साडेबारा पट होते. एवढ्या धुक्यात ठिपके टिकतील कसे? मेंदूत काही बदललेलं नाही. आपणच साठ वर्षं मागे जाऊन उभे राहिलो.

प्रत्येक वयातून सरासरी वय वजा करून तोच स्तंभ पुन्हा घाला. पहिला स्तंभ आता सरासरी वयाच्या माणसातला बदल सांगतो, आणि त्याचा आकडा वय न घालता मिळणाऱ्या आकड्याइतकाच येतो, काडीमात्र फरक नाही. बदलतो तो भोवतालचा गोंगाट: वयाने फरकांचा काही भाग उलगडला असेल तर टी-मूल्य सुधारेल, नाहीतर एक मात्रा फुकट गेली. वयाच्या उताराचा नकाशा मात्र दोन्ही वेळा अगदी एकसारखा, प्रतिमेतल्या प्रत्येक इवल्या घनात, म्हणजे व्हॉक्सेलमध्ये. शून्य कुठे धरायचं याचा उताराला पत्ताच नसतो.

वयासारखा सोबत घातलेला, पण दोन स्कॅनमध्ये स्वतःच बदलणारा कोव्हेरिएट हा निराळा प्राणी. उदाहरणार्थ, नैराश्यावरच्या उपचाराआधीचे आणि नंतरचे मापनश्रेणीवरचे गुण. ते जिन्यात मावत नाहीत. चोवीस ओळींच्या तक्त्यात त्यांचा एकच स्तंभ घातला, तर सगळ्यांतून एकच सरासरी वजा करूनही ‘आधी-नंतर’च्या उत्तरात काही फरक पडत नाही, कारण तो स्थिरांक पायऱ्या गिळून टाकतात. उत्तराचा अर्थ आता असा: ज्याचे गुण मुळीच बदलले नाहीत, त्याच्या मेंदूत किती बदल झाला? सगळेच रुग्ण सुधारले असतील तर असा माणूस अभ्यासात एकही नसतो. इथे ठिपके गेले तर त्याला गुणांचा ‘त्रासदायक’ परिणाम धुऊन काढला म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. कदाचित उपचारच त्या वाटेने मेंदूपर्यंत पोचला असेल.

आधीच्या स्कॅनचं मूल्यच कोव्हेरिएट म्हणून घेणाऱ्यांनी फ्रेडरिक लॉर्ड यांचा १९६७ चा दोन पानी लेख वाचावा. त्यातले दोन संख्याशास्त्रज्ञ एकाच आकडेवारीवरून उलट निष्कर्षांना येतात.

हे सगळं वाचून झाल्यावर एक साधा आलेख काढावा: आडव्या अक्षावर वय, उभ्यावर प्रत्येकाचा फरक. तोही नकाशावरच्या सर्वांत तेजस्वी व्हॉक्सेलचा नको. तो मुळी उतार मोठा आहे म्हणूनच निवडला गेला, तेव्हा तिथे उतार फुगलेलाच दिसणार. आधीच ठरवलेल्या भागाची सरासरी घ्यावी. या आलेखात ठिपके बाराच असतात, माणशी एक. त्यांतला सत्तरीचा एखादा एकटाच सगळी रेषा खाली ओढत असेल, तर ते या आलेखात चटकन कळतं; टी-मूल्यात कळत नाही.