नाताळ : नाव, तिथी आणि भेट

सणांच्या उत्पत्तीची चर्चा करताना एक गृहीत नकळत स्वीकारले जाते. सणाचे नाव, त्याची तिथी आणि त्याचे आचार ही तिन्ही एकाच उगमातून निघाली असली पाहिजेत, असे ते गृहीत होय. मग तिघांपैकी एकाचे मूळ सापडले की संपूर्ण सणाचे मूळ सापडले, असा निर्णय दिला जातो. शब्दाची व्युत्पत्ती सांगून त्याचा प्रचलित अर्थ ठरविण्यासारखाच हा दोष आहे. ख्रिस्तजन्माच्या सणाविषयी, म्हणजे नाताळाविषयी, झालेला वाद या दोषाचे ठळक उदाहरण आहे. हा सण म्हणजे रोमन उत्सवाचे केवळ नामांतर होय, असे एक पक्ष म्हणतो. तो मुळापासून निर्भेळ ख्रिस्ती आहे, असे दुसरा. दोन्ही पक्षांची प्रमाणे तपासून पाहिली असता त्यांचा मूळ प्रश्नच नीट मांडलेला नाही, असे दिसून येते.

प्रथम तिथीचा विचार करू. २५ डिसेंबर ही ख्रिस्तजन्माची तिथी म्हणून सांगणारे सर्वांत जुने निश्चित साधन म्हणजे इ. स. ३५४ मध्ये रोम येथे सिद्ध झालेला पंचांगसंग्रह. त्यातील हुतात्म्यांच्या यादीच्या आरंभी ही नोंद येते; ती यादी इ. स. ३३६ च्या सुमाराची मानली जाते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की याच संग्रहातील नागरी पंचांगात त्याच दिवशी 'अजिंक्या'चा उत्सव आणि रथांच्या तीस शर्यती नोंदविल्या आहेत. 'अजिंक्य' म्हणजे सूर्यदेव, असा अर्थ अभ्यासक बहुधा घेतात. सम्राट ऑरेलियनने इ. स. २७४ मध्ये या देवतेचे मंदिर उभारले हे खरे. परंतु २५ डिसेंबरच्या सूर्योत्सवाचा स्पष्ट पुरावा त्याच ३५४ च्या संग्रहात प्रथम मिळतो. म्हणजे दोन्ही उत्सवांचा साक्षीदार एकच आहे, आणि कोणता आधीचा हे तो सांगत नाही.

शिवाय ही नोंद केवळ 'न' या आद्याक्षराने केलेली आहे. ते 'नातालिस' या लॅटिन शब्दाचे संक्षिप्त रूप होय. 'नातालिस' म्हणजे जन्मदिन. पण मंदिराच्या प्रतिष्ठापनेच्या वार्षिक दिनासही रोमन लोक हाच शब्द योजीत, आणि ख्रिस्ती लोक तर हुतात्म्याच्या मृत्युदिनास. तेव्हा या एका अक्षरावरून 'सूर्याचा जन्म' वाचणे हा अनेक शक्य अर्थांपैकी एक अर्थ झाला, पुरावा नव्हे. सूर्योत्सवामुळे तिथी हलविली असे स्पष्ट विधान करणारी टीप सिरियाक हस्तलिखिताच्या समासात आढळते. पण ती बाराव्या शतकातील किंवा त्यानंतरची आहे. आठ शतकांनंतरच्या समासटिपेला समकालीन साक्षीचे मोल देता येत नाही.

प्रतिपक्षाची स्थिती फारशी बळकट नाही. लुई द्युशेन याने १८८९ मध्ये गणनेचा सिद्धान्त मांडला आणि टॉमस टॅली याने १९८६ मध्ये त्याचा विस्तार केला. ख्रिस्ताचा मृत्यू २५ मार्च रोजी झाला अशी परंपरा टर्टुलियनच्या काळी, म्हणजे इ. स. २०० च्या सुमारास, होती; गर्भधारणाही त्याच तिथीची मानली की नऊ महिन्यांनी २५ डिसेंबर येतो. युक्ती सुबक आहे. परंतु गर्भधारणा आणि मृत्यू यांची तिथी एकच, हे विधान ऑगस्टीनच्या ग्रंथात स्वच्छपणे मिळते, आणि तोवर सण रूढ होऊन गेला होता. गणनेने सण जन्मास घातला, की रूढ सणाला गणनेने समर्थन पुरविले, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

आता नावाकडे वळू. स्कँडिनेव्हियात या सणास 'यूल' म्हणतात. हे ख्रिस्तपूर्व हिवाळी उत्सवाचे नाव आहे. नावावरून निर्णय द्यावयाचा तर तेथील नाताळ मूर्तिपूजकांचा ठरेल. परंतु तेराव्या शतकातील 'हेइम्सक्रिंग्ला' या ग्रंथाची परंपरा अशी, की नॉर्वेच्या हाकोन राजाने दहाव्या शतकात यूलचा काळ कायद्याने ख्रिस्ती सणाच्या काळाशी जुळवून घेतला. ही साक्षही उत्तरकालीन आहे. तथापि ती ग्राह्य धरल्यास येथे ख्रिस्ती सण जुन्या तिथीवर बसला नाही, जुना सण ख्रिस्ती तिथीवर आला. नाव एका दिशेने आले, तिथी दुसऱ्या दिशेने.

भेटींचा इतिहास याहून निराळा आहे. १७ डिसेंबरला सुरू होणाऱ्या सॅटर्नेलियात मेणबत्त्या आणि मातीच्या लहान मूर्ती दिल्या जात. मार्शल या कवीची दोन पुस्तके अशा भेटींसोबतच्या द्विपदींनी भरलेली आहेत. परंतु भाषेत टिकून राहिला तो जानेवारीच्या आरंभी दिल्या जाणाऱ्या भेटीचा शब्द : 'स्ट्रेना'. ऑगस्टीनने नववर्षदिनाच्या प्रवचनात या भेटींऐवजी दानधर्म करावा, असे श्रोत्यांस बजावले. प्रवचन विसरले गेले, शब्द उरला. फ्रेंच 'एत्रेन' आजही नववर्षाची भेट दर्शवितो. इटालियन 'स्ट्रेन्ना' नाताळाच्या भेटीसही लागला. आणि स्पॅनिश 'एस्त्रेनार' या क्रियापदाचा अर्थ वस्तू प्रथमच वापरणे असा झाला. एकच शब्द तीन भाषांत तीन वाटांनी गेला. भेट ही जन्मोत्सवाची सहजात नव्हे, हे यावरून उघड होते.

मुलांना भेटी देणारा संत निकोलस हा ६ डिसेंबरचा. संतपूजेस विरोध करणाऱ्या जर्मन प्रॉटेस्टंटांनी त्याच्या जागी 'क्रिस्टकिंड', म्हणजे बाळ ख्रिस्त, आणला. हेच नाव जर्मन स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत गेले, 'क्रिस क्रिंगल' झाले आणि सांताक्लॉजचे, म्हणजे त्याच हद्दपार निकोलसाचे, दुसरे नाव ठरले! ज्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात हा सण पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड होता, त्याच देशात एकोणिसाव्या शतकात हा सण कुटुंबाचा आणि मुलांचा झाला. पूर्वी धनिकाकडून आश्रितास मिळणारी बक्षिशी आईबापांकडून मुलांस मिळू लागली. आचार तोच दिसतो, नाते मात्र बदलले आहे. आणि हा बदल कोणत्याही उगमातून निष्पन्न होत नाही.

मराठी 'नाताळ' हा पोर्तुगीज 'नाताल'वरून आला. अंत्य लकाराचा ळकार झाल्याने तो ऐकणाऱ्यास देशीच वाटतो. गोव्यातील ख्रिस्ती घरांतून या सणास शेजाऱ्यांकडे जे फराळाचे ताट जाते त्यास 'कोन्सोआदा' हे पोर्तुगीज नाव आहे. ताटात मात्र नेवऱ्याही असतात, आणि त्याच नेवऱ्या गोव्यातील हिंदू घरांत चतुर्थीस होतात. नाव लिस्बनचे, पदार्थ कोकणचा, तिथी रोमची. यांतील कोणते 'मूळ' मानावे, असे विचारणे निरर्थक आहे. अमुक सण 'वस्तुतः' अमक्यांचा, या वाक्यातील 'वस्तुतः' हा शब्द इतिहासाचा नव्हे, तो मालकीच्या दाव्याचा आहे. संशोधकाने प्रत्येक घटकाचा प्रवास स्वतंत्रपणे लिहावा. ते घटक एकत्र बांधण्याचे काम दरवर्षी सण पाळणारे लोक करीत असतात.