तराजू आणि सुगंध

झाक मोनो या फ्रेंच जीवशास्त्रज्ञांना १९६५ साली नोबेल पारितोषिक लाभले. ‘यदृच्छा आणि अनिवार्यता’ या १९७० सालच्या ग्रंथात त्यांनी जनुकांतील आकस्मिक बदल व निसर्गाची निवड यांचे समर्थ विवेचन केले आहे. निसर्गात हेतू गृहीत धरायचा नाही, हा विज्ञानाचा दंडक. तो सिद्ध करता येत नाही, स्वीकारावा लागतो, अशी प्रांजळ कबुलीही मोनो देतात. मग त्याच दंडकाच्या आधारे विश्व निर्हेतुक आणि माणूस एकाकी कसा ठरतो? तराजूत सुगंध तोलता येत नाही, म्हणून मोगरा निर्गंध ठरत नाही. विज्ञान शिकणाऱ्या मुलांच्या हाती हा ग्रंथ अवश्य द्यावा. मात्र पद्धत कुठे संपते आणि लेखकाची श्रद्धा कुठे सुरू होते, हे दाखवून.